जोड कोरडा तर कॅमेरा टिकेल

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मुंबईच्या उपनगरांतल्या सोसायट्यांमध्ये एक ठरलेली तक्रार सुरू होते. गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र धुरकट दिसतं, पार्किंगचा कॅमेरा रात्री बंद पडतो, मागच्या गल्लीच्या जागी तर स्क्रीनवर नुसता काळा चौकोन. सेक्रेटरी फोन करतात, माणूस येतो, 'आत पाणी गेलंय' म्हणतो आणि कॅमेरा बदलून जातो. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच. खोक्यावर तर 'वेदरप्रूफ' छापलेलं असतं. मग पाणी शिरतं कुठून? बंद पडलेला कॅमेरा उतरवून पाहिला तर दोष बहुतेक वेळा काचेपाशी सापडत नाही. कॅमेऱ्याच्या मागून जी वीतभर वायर निघते, तिच्या टोकाच्या जोडात तो सापडतो.

आधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल. 'आयपी ६६' मधला पहिला सहा धुळीचा: आत धूळ अजिबात जात नाही. दुसरा सहा पाण्याचा. १२.५ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर पाणी, अडीच-तीन मीटर अंतरावरून, सगळ्या बाजूंनी निदान ३ मिनिटं मारायचं आणि आत बिघाड होईल इतकं पाणी शिरता कामा नये, अशी ती परीक्षा आहे. 'आयपी ६७' मधला सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणं. परीक्षा खरीच कडक आहे, आणि चांगल्या कंपनीचा कॅमेरा ती पासही होतो. पण ती कोऱ्या नगावर, स्वच्छ पाण्याने, काही मिनिटांपुरती घेतलेली असते. शिवाय तिची हमी कॅमेऱ्याच्या डबीपुरती. शेपटीच्या टोकाला असलेल्या पॉवर-पिनेची आणि सिग्नलच्या पिनेची जबाबदारी बसवणाऱ्यावर असते, आणि नेमकी तिथेच टाळाटाळ होते.

आपला पाऊस त्या नळीपेक्षा फार वेगळा आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर सरासरी २,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो; २६ जुलै २००५ ला तिथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. त्यातही हा पाऊस सरळ खाली पडत नाही. नैर्ऋत्येचा वारा त्याला आडवा करतो आणि इमारतीच्या दक्षिण-पश्चिम अंगाला झड बसते. जुन्या बैठ्या घरांना याच बाजूला पावसाळ्याआधी झावळ्यांची झड बांधत, आता प्लास्टिकच्या शेड लागतात. कॅमेऱ्याची जागा ठरवताना मात्र ही साधी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच कोपऱ्यात पूर्वेकडच्या भिंतीवर, छज्ज्याच्या पोटाखाली जागा मिळत असेल तर ती घ्यावी. पश्चिमेच्या भिंतीवरचा कॅमेरा झड खातो, आणि आठ महिने उन्हाची तिरीपही खातो. मावळतीचा सूर्य थेट लेन्समध्ये आला की संध्याकाळी, नेमक्या लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळेला, गेटवरची माणसं काळ्या सावल्यांसारखी दिसतात.

आता तो जोड जवळून पाहू. साध्या कॅमेऱ्याच्या शेपटीला दोन टोकं असतात: एक सिग्नलचं, एक बारा व्होल्टच्या पॉवरचं. बसवणारा ती मुख्य केबलला जोडतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि कॅमेऱ्यामागे भिंतीला टेकवून सोडून देतो. मे महिन्याच्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, कडा सुटतात. जूनमध्ये पाणी केबलवरून ओघळत येतं आणि टेपच्या आत उतरतं. टेपमुळे ते बाहेरही पडत नाही. मग रसायन सुरू होतं. एकदिश विजेचा दाब, तांब्याची पिन आणि क्षार मिसळलेलं पाणी एकत्र आले की धन बाजूची पिन हळूहळू विरघळू लागते. महिन्या-दोन महिन्यांनी टेप सोलली की आत हिरवट पावडर दिसते आणि पिन बोटाने दाबताच मोडते. एवढ्यावर थांबलं तर बरं. कधीकधी पाणी केबलच्या आवरणाच्या आतून, तारेच्या पिळातून वर चढत थेट कॅमेऱ्याच्या डबीत पोचतं. डबी बाहेरून कितीही बंद असली तरी पाण्याला हा आतला रस्ता मिळालेला असतो.

यावर उपाय स्वस्त आहे, त्याचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या मानाने काहीच नाही. प्रत्येक बाहेरच्या कॅमेऱ्यामागे झाकणाला रबर असलेला पीव्हीसीचा चार बाय चार इंचांचा बॉक्स बसवायचा, कॅमेरा शक्यतो त्याच्याच झाकणावर घ्यायचा आणि सगळे जोड बॉक्सच्या पोटात ठेवायचे. केबल आत घ्यायची ती बॉक्सच्या तळातून, ग्लँड लावून. वरून कधीच नाही, बाजूने नाइलाज असेल तरच. आत जाण्याआधी केबलला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे ओघळणारं पाणी त्या झोलाच्या तळाशी गोळा होऊन थेंबाथेंबाने खाली पडतं, आत चढत नाही. इमारतीत शिरतानाही असंच: भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडायचं, आधी झोल, मग भोक. जोडावर काळ्या टेपऐवजी ताणून गुंडाळायची, स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप वापरायची. ती ताणून, निम्मा पदर चढवत गुंडाळली तर उन्हात सुटत नाही.

सिलिकॉनबद्दल एक आग्रहाची सूचना. बॉक्स आणि भिंत यांच्या फटीला वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरायचं, खालची कड मोकळी सोडायची. बॉक्सच्या तळाला बारीकसं भोक असावं. चारही बाजू लिंपून टाकल्या की काम पक्कं झाल्यासारखं वाटतं, पण आत साचणाऱ्या ओलाव्याला मग वाटच उरत नाही. आणि ओलावा आत जातोच. का जातो, हे समजून घेण्यासारखं आहे.

मे-जूनच्या दुपारी उन्हात तापलेल्या कॅमेऱ्याच्या आतली हवा ५५ अंशांवर गेली आहे असं समजा. एकाएकी सर आली आणि ती हवा २७ अंशांवर उतरली. डबी खरोखर बंद असेल तर आतला दाब साडेआठ टक्क्यांच्या आसपास घटतो. आकडा लहान वाटतो, पण ही ओढ सुमारे ८५ सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतकी आहे. म्हणजे पाऊस पडत असताना कॅमेरा भोवतालचं पाणी आणि दमट हवा आत ओढायला बघत असतो. गॅस्केट किंचित सरकलं असेल, झाकणाचा एखादा स्क्रू ढिला असेल, मेमरी कार्डाची खिडकी नीट लागली नसेल, तर तिथून ओलावा आत येतो आणि रात्री काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरतं. म्हणून कॅमेरा उघडावा लागला तर तो कोरड्या दिवशी, दुपारी उघडावा. गॅस्केटवरचा धुळीचा कण पुसावा आणि आत सिलिका जेलची नवी पुडी ठेवून झाकण लावावं. महागड्या कॅमेऱ्यांना हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी बारीक जाळीची चकती असते, ती दोन्हीकडचा दाब सारखा ठेवते. तिच्यावर कुणी चुकूनही सिलिकॉन फासू नये.

पावसाइतकाच इथला खारा वारा घातक आहे, आणि तो बारा महिने असतो. अंधेरी पश्चिमेला वर्सोवा-जुहूचा समुद्र, बोरिवली पश्चिमेला गोराईची खाडी, घाटकोपर ते मुलुंड पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मिठागरांचा पट्टा. हवेतलं मीठ भिंतीवर, स्क्रूवर, ब्रॅकेटवर बसतं. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढून विरघळतं. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी स्क्रूच्या डोक्यावरचा तो अदृश्य थर ओलाच राहतो आणि गंज चालूच राहतो. खोक्यात मिळणारे पिवळट मुलामा दिलेले स्क्रू अशा हवेत दोन पावसाळ्यांत तांबडे होतात. त्यांचे ओघळ भिंतीवर उतरलेले कुठल्याही सोसायटीत दिसतील. स्टेनलेसचे, म्हणजे बाजारात ज्याला 'एसएस' म्हणतात ते, स्क्रू मागून घ्यावेत. साधं एसएस ३०४ बहुतेक ठिकाणी चालतं. खाडीला किंवा समुद्राला तोंड करून असलेल्या भिंतीवर ३१६ घ्यावं, त्यात दोनतीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला जास्त दाद देत नाही. दुकानदार स्टेनलेस म्हणून मुलाम्याचे देतोय का, हे चुंबक लावून कळतं: मुलाम्याचा लोखंडी स्क्रू चुंबकाला घट्ट चिकटतो, ३०४-३१६ जेमतेम ओढले जातात किंवा जातच नाहीत.

आणि हा स्क्रू जिथे जातो ती भिंत? इथे लोक फार गाफील असतात. विटांवर बाहेरून साधारण २० ते २५ मिलिमीटरचं प्लास्टर असतं. खोक्यातली गिट्टी, म्हणजे प्लास्टिकचा प्लग, जेमतेम ३० मिलिमीटरची. म्हणजे ती जवळजवळ सगळी प्लास्टरमध्येच बसते आणि विटेपर्यंत नुसती टोकाने पोचते. वर्षानुवर्षांच्या पावसाने प्लास्टर विटेपासून सुटलेलं असतं. बोटाच्या पेराने ठोकलं की पोकळ आवाज येतो. अशा जागी बसवलेला कॅमेरा एक दिवस प्लास्टरच्या खपलीसकट खाली येतो. गिट्टी ५० मिलिमीटरची आणि स्क्रू तिच्याहून लांब घ्यावा, भोक विटेच्या पोटात जाईल इतकं खोल पाडावं आणि फुंकर किंवा पंपाने त्यातली धूळ काढावी. भोकात धूळ राहिली की गिट्टी फुगते पण पकडत नाही. ही गिट्टी काही प्राचीन वस्तू नाही. १९११ च्या सुमारास इंग्लंडमधल्या जॉन रॉलिंग्ज यांनी ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न फोडता विजेचं सामान लावण्यासाठी तागाचा प्लग काढला, आणि १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी आजचा नायलॉनचा प्लग आणला. आपल्याकडचे जुने इलेक्ट्रिशियन अजूनही त्याला 'रावल प्लग' म्हणतात, ते पहिल्याच्या नावावरून.

नव्या टॉवरांत भिंत वेगळी असते. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीटची असेल तर हॅमर ड्रिल आणि अँकर फास्टनर. पकड उत्तम मिळते. सिपोरेक्स म्हणतात त्या हलक्या ब्लॉकची असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा, कारण ठोक्यांनी भोक आतून पसरट होतं. तिथे त्या ब्लॉकसाठीच बनवलेले लांब प्लग लागतात. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत छज्ज्याचं काँक्रीट फुगलेलं, आतली सळई दिसत असेल, तर तिथे भोक पाडूच नये. त्या भोकातून पाणी थेट सळईपर्यंत जातं, आणि कॅमेऱ्यासाठी इमारतीचं हाड कमजोर करणं कुणालाच परवडणारं नाही. घाटकोपरच्या असल्फ्यासारख्या टेकडीवरच्या वस्त्यांत भिंत पत्र्याची असते. पत्र्यात स्क्रू मारला तर वाऱ्याने पत्रा थरथरतो, त्याबरोबर चित्रही. तिथे पत्र्यामागच्या लोखंडी अँगलला यू-क्लँपने पकडणं हाच मार्ग.

वाऱ्याबद्दल लोकांच्या मनात भीती असते, आणि ती समजण्यासारखी आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईत ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. पण कॅमेऱ्याचं गणित मांडून पाहावं. भारतीय मानकानुसार मुंबईतल्या बांधकामासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरतात. या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ११८ किलोचा रेटा येतो. ते होर्डिंग साधारण १२० बाय १२० फुटांचं, म्हणजे १,३०० चौरस मीटरहून मोठं होतं. त्या हिशेबाने त्याच्यावर दीडशे टनांचा भार येऊ शकतो आणि तो पेलायला तसाच पाया लागतो. २० सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर जाड बुलेट कॅमेऱ्यावर त्याच वेगाला दोन किलोंहूनही कमी रेटा येतो. विटेत नीट बसलेली एकच गिट्टी याच्या कितीतरी पट पेलते. म्हणजे आपल्याकडे वारा कॅमेरा उपटत नाही. तो त्याला सतत हलवतो. ब्रॅकेटचा चेंडूसारखा सांधा रोज केसभर ढिला होतो, आणि गेटकडे लावलेला कॅमेरा ऑगस्टमध्ये जमिनीकडे बघू लागतो. म्हणून ब्रॅकेट प्लास्टिकचं नको, धातूचं हवं, आखूड हवं. सांध्याचा स्क्रू घट्ट करून त्यावर थ्रेड-लॉकचा एक थेंब सोडावा. गच्चीवर उंच पाइप उभा करून त्याच्या टोकाला कॅमेरा लावायची हौस मला तरी चुकीची वाटते. तिथे हेलकावे वाढतात, वीज पडण्याचा धोका वाढतो आणि दुरुस्तीला कुणी चढायला धजत नाही.

उंची नऊ-दहा फूट पुरे. त्याहून वर गेलं की डोक्याचे माथे आणि छत्र्या दिसतात, चेहरे दिसत नाहीत. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आडव्या रेषेत १,९२० बिंदू टिपतो. अनोळखी माणूस ओळखता यायला आंतरराष्ट्रीय मानक दर मीटरला २५० बिंदू मागतं, म्हणजे जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीच्या पट्ट्यात. २.८ मिलिमीटरच्या रुंद लेन्सने एवढी रुंदी तीन मीटरवरच भरते. त्यामुळे एकाच कॅमेऱ्यात सगळं कंपाउंड घेणाऱ्या सोसायटीला चोर दिसतो, ओळखता येत नाही. गेटसाठी ६ मिलिमीटरची लेन्स वेगळी लावली तर हेच अंतर आठ मीटरच्या आसपास जातं.

'पाणी गेलंय' म्हणून बदललेल्या कॅमेऱ्यांपैकी काहींमध्ये पाणी गेलेलंच नसतं. दिवसा चालतो, रात्री बंद पडतो, सकाळी पुन्हा चालू: ही खूण पाण्याची नाही, वायरीची आहे. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त करंट ओढतो. बाजारात मिळणाऱ्या 'थ्री प्लस वन' केबलमधल्या पॉवरच्या तारा बारीक असतात. अर्धा चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार धरली तरी ६० मीटर लांबीला, अर्धा अँपिअर करंटला, जाता-येता मिळून दोन व्होल्ट वाटेतच मुरतात. कॅमेऱ्यापाशी बाराचे दहा उरतात. वरून तांब्याचा मुलामा, आतून ॲल्युमिनियम अशी स्वस्त केबल असेल तर तूट दीडपटीहून जास्त होते. त्यात जोड ओला, गंजलेला असला की कॅमेरा दिवे लावतो, दाब पडतो, कॅमेरा बंद होतो, दिवे विझतात, पुन्हा सुरू होतो, असं रात्रभर चालतं. लांबच्या कॅमेऱ्यासाठी जाड तार ओढावी, नाहीतर नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारी, पीओई म्हणतात ती, पद्धत घ्यावी. तिच्यात दाब ४८ व्होल्टच्या आसपास असल्याने तूट जाणवत नाही आणि १०० मीटरपर्यंत चिंता नसते.

केबल बाहेरून जात असेल तर ती पाइपात हवी. पांढरे केबल-टाय उन्हाने वर्षभरात ठिसूळ होऊन तुटतात. काळे, उन्हाला टिकणारे मागावेत. बोरिवली पूर्वेला आणि मुलुंडला नॅशनल पार्कच्या कडेच्या सोसायट्यांत माकडं लोंबती केबल हमखास ओढतात, तिथे प्लास्टिकचा पाइपही पुरत नाही, लोखंडी, जीआयचाच लागतो. याच भागात कॅमेऱ्यांत रात्रीचा बिबट्या दिसतो आणि रहिवासी सावध होतात. म्हणून तिथला कंपाउंडकडचा कॅमेरा पावसाळ्यात बंद राहणं ही साधी गैरसोय समजू नये. कोळ्यांचा त्रास मात्र सगळीकडे सारखा. कॅमेऱ्याच्या दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्ससमोरचं जाळं रात्री पांढऱ्या पडद्यासारखं चमकतं. महिन्यातून एकदा मऊ सुती कपड्याने, साध्या पाण्याने पुसणं याला पर्याय नाही. डोमच्या प्लास्टिकवर काच पुसायचं रसायन वापरू नये, पृष्ठभाग कायमचा धुरकट होतो. तसाही बाहेरच्या उघड्या जागी डोम लावू नये, त्याच्या घुमटावर थेंब चिकटून राहतात. बुलेटला पुढे टोपी असते, तिच्यामुळे बरंच पाणी टळतं.

रेकॉर्डर हा कॅमेरा नव्हे, पण त्याच्याबद्दल बोलावंच लागेल. तो बहुतेक ठिकाणी तळमजल्यावर वॉचमनच्या केबिनमध्ये, टेबलाखाली ठेवलेला असतो. २००५ च्या पुरात उपनगरांत तळमजल्यांवरच्या मीटर-रूम पाण्याखाली गेल्या होत्या, आणि अंधेरीच्या सबवेत आजही मोठ्या पावसात पाणी भरतंच. रेकॉर्डर पहिल्या मजल्यावर किंवा निदान छातीच्या वर, कुलूपबंद पेटीत असावा आणि त्याला यूपीएस असावा. १२ ऑक्टोबर २०२० ला वीजपुरवठा कोसळून मुंबई कित्येक तास विजेविना होती. असे दिवस क्वचित येतात, पण पावसाळ्यात तास-दोन तासांची वीज जाणं नवं नाही.

कॅमेरा आपल्या दारासाठी लावायचा असला तरी बाहेरच्या भिंतीवर भोक पाडण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी. समोरच्यांचं दार किंवा खिडकी चौकटीत येत असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तेवढा भाग झाकून टाकता येतो, आणि तो झाकावाच. शेजाऱ्यांना मोबाइलवर चित्र दाखवून घेतलं तर पुढचा वाद टळतो.

बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी दोन गोष्टी करून घ्याव्यात. बागेच्या पाइपने कॅमेऱ्यावर, बॉक्सवर आणि केबल भिंतीत शिरते त्या जागी दहा मिनिटं तिरकं पाणी मारायला लावायचं, मग बॉक्स उघडून आत हात फिरवून पाहायचं. आणि अंधार पडेपर्यंत थांबायचं. सगळ्या कॅमेऱ्यांचे दिवे एकदम लागलेले असताना सर्वांत लांबच्या कॅमेऱ्यापाशी मल्टिमीटर लावून व्होल्ट मोजायचे. साडेअकराच्या खाली दिसले तर वायर बदलायला त्याच दिवशी सांगायचं. हीच तपासणी दरवर्षी मे महिन्यात, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि गटारांची सफाई काढतात त्याच आगोटीच्या कामांच्या यादीत, सेक्रेटरींनी लिहून ठेवावी.